अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये मूल जातंय? चित्ररथापासून हॉलवेतल्या गप्पांपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट लागला की नुकत्याच अमेरिकेत आलेल्या मराठी आईवडिलांचे फोन सुरू होतात. गणिताबद्दल, विज्ञानाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, ते आपली मुलं निभावून नेतात. घोडं अडतं ते बाकीच्या गोष्टींपाशी. मुलगी रात्री नऊपर्यंत कुणाच्या तरी गॅरेजमध्ये कागदाची फुलं का करत बसली आहे? मुलगा डबा न खाता परत का आणतो? ही उत्तरं मुख्यतः सरकारी हायस्कूलबद्दल आहेत. तपशील प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बदलतात, त्यामुळे आपल्या शाळेचं हँडबुक जरूर वाचा.

भारतात दहावी झाली आहे. इथे मूल कोणत्या वर्गात बसेल?

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, साधारण १४ ते १८ वर्षांची मुलं. नववीतल्यांना फ्रेशमन, दहावीतल्यांना सॉफमोर, अकरावीतल्यांना ज्युनियर आणि बारावीतल्यांना सिनियर म्हणतात. हे शब्द मुलांच्या तोंडी सतत असतात, म्हणून आपणही शिकून घ्यावेत. भारतातून दहावी करून आलेलं मूल वयानुसार आणि गुणपत्रिका तपासून दहावीत किंवा अकरावीत बसतं. निर्णय शाळेचा काउन्सेलर घेतो. त्याने दहावी सुचवली तर "वर्ष वाया गेलं" म्हणून भांडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अकरावीत आलेल्या मुलाला दोन वर्षांत अमेरिकेचा इतिहास, इंग्रजी आणि राज्याच्या इतर अटी पूर्ण करायच्या असतात, शिवाय कॉलेजचे अर्जही भरायचे असतात. त्यात मैत्रीला सवडच उरत नाही.

प्रवेशासाठी पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागते. व्हिसा कोणता, यावरून सरकारी शाळा तिथे राहणाऱ्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच तसा निकाल दिला आहे.

तास संपला की मुलं उठून कुठे जातात?

आपल्याकडे तुकडी एका वर्गात बसते आणि शिक्षक बदलतात. इथे शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि मुलं फिरतात. दोन तासांच्या मध्ये चार ते सात मिनिटं मिळतात, तिला पासिंग पीरियड म्हणतात. तेवढ्यात हजार-दोन हजार मुलं एकदम हॉलवेत उतरतात. पहिल्या आठवड्यात नवीन मुलाला वर्ग सापडत नाही, घंटा होते आणि हजेरीत उशिराची खूण लागते. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच्या ओरिएंटेशनला मुलाला घेऊन जा आणि वेळापत्रक हातात धरून एकदा सगळ्या खोल्या ओळीने चालून या.

ही व्यवस्था नीट समजून घ्या, कारण एकटेपणाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच आहे. आपल्याकडे बाकावरचा शेजारी वर्षभर तोच असतो. काही न करताही मैत्री होते. इथे गणिताला तीस मुलं वेगळी, इंग्रजीला तीस वेगळी, आणि जेवायच्या सुट्टीत भलतीच. कायमची तुकडी नसल्याने कायमचा शेजारीही नाही. जी ओळख होते ती चालता चालता, लॉकरपाशी, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना. एरवी वेळ वाया घालवणारी वाटणारी ती पाच मिनिटं इथे मैत्रीची मुख्य जागा आहे.

"सगळे हाय म्हणतात, पण कुणी थांबत नाही," असं मुलगी म्हणते. ती मुलं तुटक आहेत का?

नाही. इथे हॉलवेत "हाय, हाऊ आर यू" हे चालता चालताच म्हणतात, त्याला थांबून सविस्तर उत्तर द्यायचं नसतं. हसून, "गुड, यू?" म्हणून पुढे जायचं. मराठी मुलांना पहिल्यांदा हे अपमानासारखं वाटतं. पण तेच मूल रोज त्याच वळणावर भेटलं आणि रोज हाय झालं की महिन्याभरात "तू पण बायोलॉजीला आहेस ना?" एवढं पुढचं पाऊल पडतं.

मुलीला सांगण्याजोग्या थोड्या गोष्टी आहेत. एक म्हणजे कानात इअरफोन घालून हॉलवेतून चालू नको, त्यामुळे समोरचा बोलायचंच टाळतो. दुसरी, तास संपल्यावर शेजारच्या मुलीला "तुझा पुढचा तास कुठे आहे?" एवढंच विचार. दिशा एकच असेल तर पाच मिनिटांची सोबत आयती मिळते. आणि कपड्यांचं, बुटांचं, बॅगेचं मनापासून केलेलं कौतुक इथे ओळख सुरू करायची अगदी सर्वमान्य रीत आहे. अनोळखी मुलीलाही "तुझं जॅकेट छान आहे" असं सांगितलं तर कुणाला वावगं वाटत नाही.

लॉकरची जुनी शान मात्र पुष्कळ शाळांत ओसरली आहे. पुस्तकं लॅपटॉपवर आली, मुलं सगळं पाठीवरच वागवतात, आणि काही शाळांत मागितल्याशिवाय लॉकर देतच नाहीत. मिळत असेल तर घ्यावा. थंडीच्या राज्यांत जाडजूड कोट कुठे ठेवायचा हा प्रश्न तरी सुटतो.

नावाचा उच्चार सगळे चुकवतात. सोपं नाव घ्यावं का?

मुलाला स्वतःहून हवं असेल तर शाळेच्या नोंदीत रोजच्या हाकेचं नाव घालता येतं. पण आईवडिलांनी आपणहून "ज्ञानेश्वरचं डॅन करून टाक" असं सुचवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या दिवशी शिक्षकांना नाव तोडून, सावकाश, दोनदा सांगायला शिकवा. बहुतेक शिक्षक ते कागदावर उच्चाराप्रमाणे लिहून घेतात आणि आठवड्याभरात बरोबर म्हणू लागतात.

जेवायच्या सुट्टीत कुठे बसायचं?

नव्या मुलासाठी दिवसातला सगळ्यात अवघड अर्धा तास हाच. कॅफेटेरियात जागा ठरवून दिलेल्या नसतात, पण दुसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक टेबलाचे मालक ठरून गेलेले असतात. मोठ्या शाळांत जेवणाच्या दोन-तीन पाळ्या असतात आणि ओळखीचं मूल नेमकं दुसऱ्या पाळीत असतं. डबा न खाता परत येतो त्याचं कारण पुष्कळदा भाजी नसते, एकट्याने बसून खायची लाज असते. मुलं कधी लायब्ररीत, कधी चक्क बाथरूममध्ये ती वेळ काढतात. विचारताना "डबा का नाही संपवला?" असं विचारू नका. "आज कुणाजवळ बसलास?" असं विचारा.

मार्ग आहेत. बरेच क्लब जेवणाच्या सुट्टीतच एखाद्या शिक्षकाच्या खोलीत भरतात. ती खोली नव्या मुलाला आधार देते. बँड आणि कलेच्या खोल्याही पुष्कळदा उघड्या असतात. काउन्सेलरला तुम्ही ईमेल केलात तर तो एखाद्या समजूतदार मुलाला सोबत म्हणून जोडून देतो. हे मागण्यात कमीपणा नाही, ते त्याचं कामच आहे.

डब्याबद्दल: पोळीची गुंडाळी, पराठा, पुलाव, सँडविच हे न गरम करता, एका हाताने खाता येण्याजोगं द्यावं, कारण पुष्कळ शाळांत मायक्रोवेव्ह नसतो. शाळेचं जेवण घेतलं तरी शाकाहारी मुलाला चीज पिझ्झा, बीन्स, सॅलड, फळं, दूध एवढं मिळतं. पण बीन्समध्ये मांस आहे का, ते विचारून घ्यायला शिकवा. कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला नाश्ता आणि दुपारचं जेवण मोफत आहे. काही इतर राज्यांनीही तसं केलं आहे. बाकी ठिकाणी उत्पन्नानुसार सवलत असते.

फोनवर बंदी आहे म्हणे?

वाढत्या संख्येने राज्यं तसं करत आहेत. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तासाच्या वेळेपुरती बंदी आणली. न्यूयॉर्क राज्यात २०२५-२६ पासून शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत फोन बंद. कॅलिफोर्नियाने सगळ्या डिस्ट्रिक्टना १ जुलै २०२६ पर्यंत धोरण ठरवायला सांगितलं. पहिले काही दिवस मुलं कुरकुरतात. पण ज्या मुलाला अजून मित्र नाहीत, त्याच्यासाठी ही चांगली बातमी आहे. समोरच्याच्या हातात फोन नसेल तर तो मान वर करून बघतो.

होमकमिंग म्हणजे काय? मुलगी दोन आठवडे दुसरं काही बोलतच नाही.

शरद ऋतूत, बहुधा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी परत यावं म्हणून केलेला हा सोहळा. सुरुवात कॉलेजांनी केली. पहिला मान कुणाचा यावर वाद आहे: बेलर विद्यापीठ १९०९ सांगतं, इलिनॉय विद्यापीठ १९१०, मिझुरी विद्यापीठ १९११. हायस्कूलांनी ती पद्धत उचलली आणि लहान गावांत तर तो साऱ्या गावाचाच सण झाला. दुकानांच्या काचा शाळेच्या रंगांनी रंगतात, आजोबा आपलं जुनं लेटरमन जॅकेट (शाळेच्या संघातल्या खेळाडूंचं, शाळेचं अक्षर लावलेलं) घालून येतात.

आठवडा साधारण असा जातो. सोमवारपासून स्पिरिट वीक, म्हणजे रोज वेगळा पेहराव: पायजमा डे, ट्विन डे, जुन्या दशकाचा दिवस, शेवटी शाळेच्या रंगांचा दिवस. महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेजच्या 'डेज'ना साडी नेसून गेलेल्या आयांना हे समजावून सांगावं लागत नाही. शुक्रवारी जिममध्ये पेप रॅली, म्हणजे संघाला जोश देणारा मेळावा, मग मिरवणूक आणि रात्री अमेरिकन फुटबॉलचा सामना. मध्यंतरात मुलांनी निवडलेले राजा-राणी जाहीर होतात. आता काही शाळा मुलगा-मुलगी असा भेद न करता नुसतं 'रॉयल्टी' निवडतात. शनिवारी डान्स.

टेक्सासमध्ये राहत असाल तर आणखी एक गोष्ट. तिथे मुली छातीवर 'मम' लावतात: शेवंतीचं प्रचंड मोठं कृत्रिम फूल, त्याला गुडघ्याखाली लोंबणाऱ्या फिती, घंटा, छोटी अस्वलं. मुलगे त्याची लहान आवृत्ती दंडावर बांधतात. विकत घेतलं तर किंमत ऐकून धक्का बसतो. घरी करता येतं, साहित्य हस्तकलेच्या दुकानात मिळतं, आणि घरी केलेल्याला कुणी नावं ठेवत नाही.

चित्ररथ बांधायला मुलगी रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाते. पाठवावं का?

पाठवा. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. नवीन मुलासाठी संपूर्ण वर्षात याहून सोपं दार नाही. डान्सला जायला मैत्रीण लागते, संघात जायला खेळ यावा लागतो, क्लबमध्ये बोलावं लागतं. चित्ररथाला फक्त हात लागतात. शेजारी शेजारी बसून तासन्‌तास कागद चुरगळताना ज्या गप्पा होतात, त्या हॉलवेतल्या पाच मिनिटांत कधीच होत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी हॉलवेत तीच मुलं थांबून बोलतात.

हा चित्ररथ, म्हणजे फ्लोट, बहुधा प्रत्येक इयत्ता आपला वेगळा करते आणि चौघांत चुरस असते. पाया म्हणजे सपाट ट्रेलर, कुणाच्या तरी वडिलांकडून, शेतकऱ्याकडून किंवा बांधकामवाल्याकडून उसना आणलेला. त्यावर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. सांगाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळी वाकवून आकार देतात: शाळेचा वाघ किंवा गरुड, प्रतिस्पर्ध्याचं शिरस्त्राण, पुस्तकांचा डोंगर. मग जाळीच्या एकेका भोकात पातळ रंगीत कागदाचा चौकोन खोचायचा. हे काम हजारोंच्या संख्येत असतं, म्हणूनच एवढे हात लागतात. खाली चाकं झाकायला चकचकीत झालर. घरच्या गणपतीचं मखर ज्यांनी केलं आहे, त्या मुलांना इथे एकदम भाव येतो. कागद कुठे दुमडायचा, पुठ्ठा कसा उभा राहील, हे त्यांना कळतं.

आईवडिलांनी काय बघावं? ज्या घरी काम चालतं तिथे कुणी मोठं माणूस हजर आहे का, हे फोन करून विचारा. इथे असं विचारणं अजिबात आगाऊपणाचं समजत नाहीत. करवत आणि स्टेपल गन मोठ्यांच्या हातात असावी. घरी यायची वेळ आधीच ठरवा. एखाद्या संध्याकाळी स्वतः पोहे किंवा पिझ्झा घेऊन जा, दहा मिनिटं थांबा, चेहरे ओळखीचे करून घ्या आणि निघा. जास्त थांबू नका.

मिरवणुकीच्या दिवशी ट्रेलर मोठ्या माणसाने चालवायचा असतो आणि वेग चालण्याचाच. बहुतेक ठिकाणी अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवावा लागतो, कारण सगळाच कागद. तारांखालून जायचं म्हणून उंचीवर बंधन असतं. चालत्या रथावरून उडी मारणं आणि चाकांजवळ धावणं, या दोन गोष्टींबद्दल मुलीला गंभीरपणे बजावा. याच कारणाने काही गावांनी रथावरून चॉकलेटं फेकणं बंद केलं आहे. ती बाजूने चालणारी मुलं हातात देतात.

ज्यांना ही कला शिखरावर पोहोचलेली पाहायची असेल, त्यांनी १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची रोज परेड पाहावी. १८९० पासून चालू आहे. तिथे रथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलांनी, बियांनी, पानांनी, सालींनी झाकलेला असावा लागतो. देशभरातले हायस्कूल बँडही त्यात चालतात.

डान्सला मुलगा नाही तर मुलगी, कुणीतरी जोडीदार लागतोच ना? आम्हाला ते पटत नाही.

लागत नाही. होमकमिंगला मुलं घोळक्याने जातात: सहा-आठ मैत्रिणी मिळून तयार होतात, कुणाच्या तरी अंगणात फोटो काढतात, जेवतात आणि जातात. डान्स शाळेच्या जिममध्ये, शिक्षकांच्या देखरेखीखाली होतो. बहुतेक शाळांत एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. प्रॉम, म्हणजे वर्षाअखेरचा मोठा औपचारिक डान्स, वसंतात असतो, मुख्यतः ज्युनियर-सिनियरांसाठी, बहुधा बाहेरच्या सभागृहात आणि पुष्कळ खर्चिक. तिथे जोडीने जाण्याची रीत जास्त आहे, तरी सक्ती नाही. लेहेंगा किंवा साडी नेसून गेलेल्या मुली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मुलीला हवं असेल तरच, हे मात्र खरं. डान्स संपल्यावर दुसऱ्या कुणाच्या घरी पार्टी आहे का, ते कुणाचं घर, गाडी कोण चालवणार, हे प्रश्न शांतपणे विचारा. वेळ पडली तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन आणि रागावणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. आणि खरंच रागावू नका.

खेळ, बँड, क्लब: कशात घालावं?

खेळाच्या संघासाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, असतात. व्हार्सिटी हा मुख्य संघ, ज्युनियर व्हार्सिटी दुसरा. क्रॉस कंट्री धावणं आणि ट्रॅक यांत पुष्कळ शाळा कुणालाच काढून टाकत नाहीत, म्हणून नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी. डॉक्टरांचा तपासणीचा फॉर्म आधी लागतो, त्यासाठी उन्हाळ्यातच अपॉइंटमेंट घ्या. क्रिकेट शोधणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांत २००८ पासून क्रिकेटचे आंतरशालेय सामने होतात. मुलींनी खेळू नये असं कुणी सुचवलं तर शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा मुलींच्या बाजूने उभा आहे.

मार्चिंग बँडमध्ये ऑगस्टच्या उन्हातच सराव सुरू होतो. त्यामुळे बँडचं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी आधीच पन्नास-शंभर जणांना ओळखत असतं. क्लबांत रोबोटिक्स, डिबेट, मॉडेल युएन यांकडे आपली मुलं झुकतात. सगळे मराठी आणि तेलुगू मित्र रोबोटिक्सलाच असतील तर एखादा क्लब वेगळाही निवडायला सांगा, नाटकाच्या मागचं नेपथ्य किंवा ईयरबुक (शाळेचं वार्षिक स्मरणपुस्तक).

या सगळ्याचा कॉलेजच्या प्रवेशाला उपयोग होतो का?

चित्ररथ बांधला म्हणून प्रवेश मिळत नाही. त्यासाठी तो करूही नये.

सकाळी झेंड्यापुढे शपथ म्हणावी लागते का?

म्हणायची सक्ती नाही. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. मूल शांत बसू शकतं किंवा नुसतं उभं राहू शकतं.

लॉकडाउन ड्रिल ऐकून पोटात गोळा येतो.

येणारच. शाळेत हल्लेखोर शिरला तर काय करायचं, याचे हे सराव. बहुतेक राज्यांत ते कायद्याने होतात: दिवे बंद, दार बंद, मुलं कोपऱ्यात गप्प. मुलाला आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्यांदा घंटा वाजल्यावर त्याला खरंच काही झालं असं वाटणार नाही. संध्याकाळी त्याबद्दल बोला आणि त्याला काय वाटलं ते ऐकून घ्या. भारतात आजीला फोनवर सांगायचं की नाही, ते मुलावर सोपवा.

गणपती आणि दिवाळीला सुट्टी मिळते का?

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी आहे. न्यू जर्सीतल्या काही डिस्ट्रिक्टमध्येही असते. बाकी ठिकाणी धार्मिक सणासाठी रजा मागता येते. आधी लेखी कळवा आणि त्या दिवशी परीक्षा असेल तर शिक्षकांना आठवडाभर आधी मुलानेच सांगावं. मंडळाचा गणपती आणि होमकमिंग एकाच शनिवारी आले तर? पहिल्या वर्षी मुलाला शाळेत जाऊ द्या. आरतीला दुपारी आणा, संध्याकाळी सोडा. मराठी शाळा मात्र सोडू नका. बऱ्याच हायस्कूलांत दोन भाषा येणाऱ्यांना पदवीबरोबर 'सील ऑफ बायलिटरसी' मिळतं, कॅलिफोर्नियाने ते २०११ मध्ये कायद्याने सुरू केलं. मराठीसाठी कोणती चाचणी चालेल, ते काउन्सेलरला नववीतच विचारा.

आईवडिलांनी शाळेत किती जावं?

रोज नाही, पण दिसावं. बँडच्या आणि खेळांच्या बूस्टर क्लबना (पैसे आणि मदत उभी करणाऱ्या पालकांच्या मंडळांना) सामन्याच्या दिवशी खाण्याच्या स्टॉलवर हात हवे असतात. इंग्रजी अडखळत असेल तरी पाणी विकता येतं. तिथेच दुसऱ्या पालकांशी ओळख होते आणि पुढच्या वेळी मुलगी कुणाच्या घरी गेली तर ते घर परकं राहत नाही.

ग्रॅज्युएशनला आजी-आजोबांना भारतातून बोलवायचं आहे. काय बघावं?

तारीख मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत कुठेही असू शकते. दक्षिणेत लवकर, ईशान्येला उशिरा. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ती कळल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठी महिने लागू शकतात म्हणून अकरावीतच सुरुवात करा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे प्रवेशिका मोजक्याच असतात. जास्त लागल्या तर ज्यांच्या उरल्या आहेत अशा मित्रांकडून मागता येतात. मैदानात असेल तर ऊन कडक, बाक लोखंडी: टोप्या, पाणी, आजींसाठी उशी. नाव पुकारतात त्याआधी उच्चाराचं कार्ड भरून घेतात, त्यावर पूर्ण नाव मुलानेच लिहावं. टोपीचा गोंडा पदवी मिळाल्यावर उजवीकडून डावीकडे सरकवतात. तो क्षण एका सेकंदाचा असतो, तेव्हा फोन काढायचा असेल तर आधीच तयार ठेवा.